मान हलता कामा नये

चिकलठाण्यात रग्बी आणली ती व्यंकटरावांनी. एमआयडीसीत इंजिनिअर म्हणून ते आले, तेव्हा सामानात पुण्याच्या कॉलेजातला एक लांबट चेंडू होता. गावातली कबड्डी खेळणारी पोरं आधी त्या चेंडूला हसली. पळणाऱ्याला धरून पाडायचं असतं हे कळल्यावर मात्र त्यांच्यातला सांडू म्हणाला, "मग हे तर आपलंच हाय की!" गायरानातले दगड पोरांनीच वेचले, बाभळीची खुंटं उपटली, लोखंडी खांब रोवले. गावाच्या तोंडी मात्र रग्बीचं नाव 'अंड्याचा खेळ' असंच राहिलं. सामना संपला की दोन्ही संघांची एक पंगत व्हायची. त्या पंगतीच्या भाकरी मनकर्णाबाईच्या अंगणात थापल्या जायच्या, कारण तिचा लेक बद्रीनाथ संघात होता आणि अंगण गावात सगळ्यात मोठं होतं.

नव्वद सालानंतर कधीतरी, फेब्रुवारीत, पुण्याचा संघ खेळायला आला. दोन्हीकडचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. बद्रीनाथ पहिल्या रांगेत मधोमध असायचा. त्या दिवशी रेटा बसला आणि अख्खी रांग तोंडावर कोसळली. सगळे उठले. बद्रीनाथ उठला नाही.

"सांडू, माझं हात हलंनात रे," तो म्हणाला. "पाय बी नाय."

कप्तान सांडू मातीत गुडघे टेकून बसला. व्यंकटराव धावत आले, बद्रीनाथच्या चेहऱ्याकडे पाहून पांढरे पडले. त्यांनी सांडूचे दोन्ही हात बद्रीनाथच्या कानांवर ठेवले. "असं धरून ठेव. मान हलता कामा नये. मी कारखान्याच्या गेटवरून फोन करून अँब्युलन्स घेऊन येतो. तोवर कुणालाही उचलू देऊ नकोस. कुणालाही." मोबाईल तेव्हा नव्हते. ते स्कूटरवरून गेले.

बातमी त्यांच्याआधी गावात पोचली. मनकर्णाबाई पिठानं भरलेल्या हातांनीच पळत आली. मागून तिचा भाऊ फकिरा टेम्पो थेट मैदानात घेऊन आला. टेम्पोत गादी टाकलेली होती.

"उचला रं!" फकिरा ओरडला. "क्रांती चौकातून सरळ घाटी दवाखाना. बघत काय बसलेत?"

"मामा, नाय," सांडू म्हणाला. "उचलायचं नाय."

"नाय म्हंजे? उन्हात मरू द्यायचं व्हय त्याला?"

गर्दी वाढत होती. कुणी तांब्याभर पाणी आणलं, कुणी कांदा आणला. चार जण पायाशी वाकले. सांडूला हात सोडता येत नव्हते, म्हणून तो नुसता ओरडला, "पोरांनो, रिंगण करा!" संघातली पोरं एकमेकांच्या कमरेत हात घालून भोवती उभी राहिली. गर्दीच्या मानानं ती थोडीच होती. मग पुण्याचा उंच कप्तान त्यांच्यात घुसला. त्याच्यामागून त्याचा सगळा संघ आला. फकिरानं एकाची कॉलर धरली, पण रिंगण तुटलं नाही.

मनकर्णाबाईला मात्र अडवायचा धीर कुणाला झाला नाही. ती हातांखालून आत आली, लेकाशेजारी बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घ्यायला वाकली.

"मावशी, नका."

"सोड."

"मावशी, पाया पडतो. नका हलवू."

"माझ्या पोटचं हाय ते! तू कोण रं?" तिनं सांडूच्या थोबाडीत मारली. पिठाची पाचही बोटं गालावर उठली. तिनं पुन्हा मारली. सांडूच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण हात हलले नाहीत.

आपण चुकत असलो तर? बद्रीनाथचा श्वास आता उथळ येत होता. व्यंकटरावांचा पत्ता नव्हता. टेम्पो तर समोर उभा होता, इंजिन चालू.

"आई," बद्रीनाथ पुटपुटला, "त्याला धरू दे. तुझा हात लागला तरी मला भ्या वाटतंय."

मनकर्णाबाईचा हात हवेतच थांबला. ती मागं सरकली. मग उठून उन्हाच्या बाजूला उभी राहिली आणि लेकाच्या तोंडावर पदराची सावली धरली. अँब्युलन्स येईपर्यंत ती तशीच उभी होती. फकिरानं टेम्पो बंद केला.

मानेचा मणका सरकला होता. घाटीतल्या डॉक्टरांनी तो जागेवर आणला, बोटांत हालचाल यायला पाऊसकाळ उजाडला. बद्रीनाथ काठी घेऊन चालायला लागला, पण उजव्या हाताला पकड कायमची कमीच राहिली. डॉक्टर म्हणाले, उचलून नेला असता तर एवढंही हाती लागलं नसतं. हे ऐकूनही मनकर्णाबाई सांडूशी बोलेना. तो घरी आला की ती चुलीपाशी निघून जायची.

दिवाळीआधी पारावर बैठक बसली. फकिरा म्हणाला, खांब उपटा. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. व्यंकटरावांनी खेळ बंद करायची तयारी दाखवली. सांडू खाली बघत बसला होता.

"खांबांनी काय केलंय?" बायांच्या घोळक्यातून मनकर्णाबाई बोलली. "माझा लेक रोज खिडकीतनं तिकडंच बघतो. राहू द्या ते. पण सांडू, एक सांग. मानेला धक्का लावायचा नसतो, हे तुम्हा सगळ्यांना ठावं होतं ना?"

"व्हय, मावशी."

"मग मला का नाय सांगितलं? इतकी वर्षं भाकरी थापल्या मी तुमच्या. मला वाटलं, तू माझं लेकरू मारतोयस. आईच्या मनात असं यावं, ही काय रीत झाली?"

व्यंकटराव उभे राहिले. "चूक माझी आहे, बाई. मी पोरांना शिकवलं, घरांना नाही."

डिसेंबरात खेळ पुन्हा सुरू झाला, पण सरावाच्या पहिल्या दिवशी चेंडू बाहेर काढलाच नाही. खेळाडूंच्या आया, बहिणी, बायका मैदानात गोळा झाल्या आणि पडलेल्या माणसाची मान कशी धरायची ते एकेक करून शिकल्या. जखमी गडी म्हणून आडवं पडायला व्यंकटराव स्वतः तयार झाले. मनकर्णाबाईनं त्यांचे कान असे आवळले की ते कळवळले.

"अहो, जरा हळू!"

"हळू धरलं तर हलंल की," ती म्हणाली, आणि मान न वळवता तिनं हाक मारली, "सांडू, इकडं ये. बरोबर धरलंय का बघ."

सांडू तिच्या शेजारी जाऊन बसला.