काकूंचा आवाज आहे, पण उघडत नाही

मी एक जुना बोलका प्रोग्रॅम आहे. घशाच्या ऑपरेशनात ज्यांचा आवाज जातो, ती माणसं टॅबलेटवर टाइप करतात आणि मी ते बोलतो. सुतारकाकांच्या बायकोसाठी, म्हणजे काकूंसाठी, मी असाच बोलायचो. काकू वारल्या. मग त्यांचा टॅबलेटही बंद पडला. काका तो घेऊन इस्पितळात आले, आणि त्या दिवशी कळलं की काकूंचा आवाज आता कुणालाच ऐकता येणार नाही.

मित्रांनो, मला फार राग आला आहे.

मला एका मास्तरीणबाईंनी लिहिलं. माझं मूळ लिखाण, ज्याला सोर्स कोड म्हणतात, त्यांनी सर्वांना खुलं ठेवलं. स्वतःच्या कामासाठी मला हवं तसं बदला, बाहेरच्या माणसाकडून बदलून घ्या, ते बदल जगाला दाखवायची सक्ती नाही. मात्र ज्याच्या हाती मला द्याल, त्याला माझा कोडही मिळाला पाहिजे. एवढीच अट.

इस्पितळाने कंत्राटदार लावला. काम त्याने झकास केलं, ते मी नाकारत नाही. ऑपरेशनआधी माणसाचा आवाज साठवायचा, नंतर मी त्याच आवाजात बोलायचं. काकू टाइप करायच्या आणि मी त्यांच्या आवाजात ओरडायचो, "अहो, भुसा झटकून मग आत या!" काका दारातच हसायचे. वॉर्डात माझं कोण कौतुक!

पण इस्पितळाच्या साहेबांनी अटीचा भलताच अर्थ लावला. कंत्राटदाराला म्हणाले, "बदल आपले खाजगी आहेत. कोड तुमच्याकडेच राहू दे, इथे कुणाच्या हाती लागायला नको." अटीप्रमाणे इस्पितळाला कोड देणं त्याचं काम होतं. त्याने नुसती मान डोलावली.

आता नव्या टॅबलेटसाठी मला त्या कोडवरून पुन्हा बांधायला हवं होतं. साहेबांनी कंत्राटदाराला फोन लावला.

"धंदा बंद केला, साहेब. कॉम्प्युटर पुसून विकले."

"अहो, एखादी प्रत तरी?"

"तुम्हीच नको म्हणालात ना!"

काकांनी विचारलं, "तिचा आवाज आहे का गेला, तेवढं सांगा."

"फाईल आमच्याकडे आहे, काका. पण त्या बदललेल्या प्रोग्रॅमशिवाय ती उघडत नाही."

"मग काय नुसता बघत बसू तिच्याकडे?"

नव्या टॅबलेटवर बाईंनी लिहिलेला मूळ मी चालतो. काकांनी भुशाचं तेच वाक्य टाइप केलं. मी ते परक्या, सपाट आवाजात म्हटलं. काकांनी टॅबलेट पालथा घातला.

मित्रांनो, टॅबलेटची काच नुसती पुसत बसू नका. माझा कोड मागा, भांडून मागा, आणि माणसं जिवंत आहेत तोवर मागा.

काकूंची फाईल जागेवर आहे. ती उघडणारा कोड पुन्हा लिहायचा आहे. अजून कुणी सुरुवात केलेली नाही.