कोणाचा बार्ली

ड्यूगलने शिट्टी एकदा लांब वाजवली. स्वयंपाकघराच्या मधोमध बार्ली चटकन बसला. बसला अगदी नियमाप्रमाणे, पण तोंड ड्यूगलच्या बायकोकडे, कर्स्टीकडे करून.

"जा, आण," ड्यूगल म्हणाला.

बार्ली सुटला. वाटेत खुर्ची आडवी झाली. कोपऱ्यातली डमी, म्हणजे कुत्र्याने आणून द्यायच्या सरावासाठीची कॅनव्हासची वळकटी, तोंडात धरून तो ड्यूगलच्या पसरलेल्या हातांशेजारून, त्याच्या पोटरीला शेपटीचा फटका मारत पुढे गेला आणि डमी त्याने बटाटे सोलणाऱ्या कर्स्टीच्या मांडीवर ठेवली.

"शहाणं माझं बाळ," कर्स्टी म्हणाली. तिने मानही वर केली नव्हती.

ड्यूगलने एकतीस वर्षं गावोगाव टपाल वाटलं होतं. तेवढ्या काळात सगळ्या तालुक्याची कुत्री न बोलावता त्याच्याकडे धावत आली. आता निवृत्तीनंतर हौसेने आणलेलं, स्वतःच्या हाताने खाऊ घातलेलं हे एक लॅब्रॅडॉर तेवढं येत नव्हतं.

"तू त्याला चोरून चीज देतेस."

"मी मलाच चीज देत नाही, डॉक्टरांनी बंद केल्यापासून."

"मग रविवारी ठरूनच जाऊ दे," तो म्हणाला. रविवारी गावातल्या श्वान क्लबची परीक्षा होती. "तिथे तो डमी ज्याच्या हातात देईल, त्याचा कुत्रा. शिट्टीसुद्धा त्याचीच."

"मला नकोय तुझी शिट्टी."

हेच त्याला सर्वांत झोंबलं. जिला नको, तिच्याच पदरात पडत होतं.

सोमवारी कर्स्टी औषधांच्या दुकानात कामावर गेल्यावर बार्ली तिच्याकडेच का जातो, याचा त्याने पद्धतशीर शोध सुरू केला. आधी तिच्यासारखा बारीक आवाज काढून पाहिला. बार्ली टेबलाखाली जाऊन बसला. मग खुंटीवरचा तिचा हिरवा कोट अंगात चढवला. बाह्या कोपरापर्यंतच पोचल्या, बटणं लागेनात. त्याने शिट्टी वाजवली. बार्ली आला, समोर बसला, मान वर केली आणि डमी अलगद त्याच्या हातात दिली.

ड्यूगलला भरून आलं. मग लक्षात आलं, की आपण कोटाच्या यशावर रडतो आहोत. पण रविवारपर्यंत त्याने ते मनावर घेतलं नाही.

रविवारी तो लवकर निघाला. मैदानावर बोचरा वारा होता. पेट्रीबाई परीक्षक होत्या. गावात त्यांना कुत्रीच काय, पाद्रीही भीत. त्यांनी ड्यूगलला आपादमस्तक न्याहाळलं.

"कोट आटला वाटतं?"

"धुण्यात," ड्यूगल म्हणाला.

डमी ओढ्यापलीकडे पडली. बार्ली पाण्यातून गेला, डमी शोधून तोंडात धरली, वळला. ड्यूगलने हात पसरले. बार्ली सरळ त्याच्याकडे येत होता आणि मध्येच थबकला. कुंपणापाशी कर्स्टी उभी होती, ड्यूगलचा तपकिरी कोट घालून. घरात दुसरा उरलाच नव्हता. तो तिच्या गुडघ्यांपर्यंत येत होता.

बार्लीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग कर्स्टीपुढे जाऊन बसला.

"माझ्याकडे नाही आला हं," कर्स्टी घाईने म्हणाली. "तुझ्या कोटाकडे आला. म्हणजे तुझ्याकडेच."

"मग आठवडाभर माझ्याकडे येत होता, तो तुझ्याकडे?"

"आठवडाभर? माझा कोट घालून?" ती थांबली. "रागावलायस?"

"कोणावर रागावू, तेच कळत नाहीये."

पेट्रीबाईंनी पेन कागदावर टेकवून ठेवलं होतं. "गुण कोणाच्या नावावर लिहू? की कोटांच्या?"

शेवटी त्यांनी आणखी एक संधी दिली. दोघांनीही कोट काढून कुंपणावर टाकायचे आणि शेजारी उभं राहायचं. वाऱ्यात नुसत्या स्वेटरवर दोघं कुडकुडत उभे राहिले. डमी पुन्हा ओढ्यापलीकडे गेली, बार्ली पुन्हा पाण्यात. ड्यूगलने येण्याची शिट्टी वाजवली, तीन छोट्या फुंकरी. बार्ली चार पायांवर उधळत आला, दोघांच्या मधून आरपार गेला आणि पेट्रीबाईंपुढे बसून त्याने मान वर केली.

त्यांनी डमी घेतली. उभ्या जन्मात कोणी ऐकला नसेल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "अगं बाई! शहाणं माझं बाळ!"

बार्ली शेपटीने जमीन झोडत होता.

ड्यूगलने गळ्यातली शिट्टी काढली. शब्द म्हणजे शब्द. टपालखात्यात असताना त्याने चुकीच्या दारात कधी पत्र टाकलं नव्हतं. तो पेट्रीबाईंकडे निघाला, तोच कर्स्टीने त्याचं मनगट धरलं. पकड चांगलीच घट्ट होती.

"खबरदार, तिला दिलीस तर."

त्याने वळून पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. ती त्याच्याकडे बघतच नव्हती.

"एवढं काय आहे तिच्यात?" ती दातांतल्या दातांत म्हणाली. "आणि तो कोट कुठून घेतलाय ह्या बाईने?"

वारा स्वेटरमधून आरपार जात होता. ड्यूगल तिच्या शेजारी, जरा जवळ सरकून, उभा राहिला.