वाटेपुरतं लावलेलं प्लास्टिक

मी एक जुना फळा आहे. आता जुना म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे खडूनं पांढरा पडलेला, कोपरे झिजलेला लाकडी फळा आला असेल. तो मी नव्हे. मी बोटानं चालणारा, विजेवर उजळणारा, काचेचा डिजिटल फळा. माझ्या अंगावर एक ओरखडा सापडला तर दाखवा! मित्रांनो, तेच तर माझं दुःख आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. हातमोजे घातलेल्या माणसांनी मला जोडलं, तपासलं आणि खोक्यात घातलं, एवढंच. माझा खरा जन्म सांगलीत झाला म्हणा ना. तिथं एका मोठ्या मंगल कार्यालयात शिक्षणाच्या नव्या साधनांचं प्रदर्शन भरलं होतं. बाहेर मार्केट यार्डाकडून हळदीचा वास यायचा आणि आत नुसती जत्रा! एका बाजूला पाढे म्हणणारा यंत्रमानव होता. तो मध्येच अडखळला की बघायला आलेले गुरुजी भलतेच खूश व्हायचे. समोर चंद्रावर फिरवून आणणारा चष्मा होता. तो डोळ्यांना लावून मुलं खुर्चीतल्या खुर्चीत किंचाळायची.

माझ्या स्टॉलवर अमृत नावाचा बडबड्या विक्रेता होता. "लावा, बोट लावा! लाजताय काय? बोट लावायलाच केलाय तो!" असं तो दिवसभर ओरडायचा. आणि मुलं लावायची. प्रत्येकाच्या हातात भडंगाची पुडी, त्यामुळे बोटं तेलकट नि तिखट. संध्याकाळपर्यंत माझा पार अवतार व्हायचा. मी मनातल्या मनात कुरकुरायचो. पण खरं सांगू? तेवढेच दिवस मी जगलो.

शेवटच्या दिवशी उंब्रजजवळच्या एका वाडीतल्या शाळेची मुलं आली. बरोबर त्यांच्या त्रिशलाबाई आणि शाळा समितीचे अध्यक्ष लालासाहेब. हे फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मिशा पिळलेल्या आणि बुटांना असं पॉलिश, की तोंड बघून घ्यावं. त्यांची नात क्रांती त्याच शाळेत चौथीत होती. तिची नजर जन्मापासून अधू. चष्मा होता, पण त्यानं पुरतं भागत नव्हतं. फळ्यावरचं तिला दिसायचंच नाही. पोरगी हुशार. बाकावरच्या शेजारणीचं ऐकून धडे पाठ करायची आणि पुस्तक नाकाला लावून घडाघडा म्हणायची. घरच्यांना वाटायचं, वाचते.

बाईंनी माझ्यावर चौथीचा एक धडा उघडला. दोन बोटं टेकवून फाकवली, तशी अक्षरं फुगत फुगत भाकरीएवढी झाली. मागं उभी असलेली क्रांती जागच्या जागी थबकली. आणि तिथूनच एकेक अक्षर लावत तिनं अख्खी ओळ वाचली. तो धडा वर्गात अजून झालाच नव्हता.

"बाई, मला दिसतंय!" ती ओरडली. "लांबनं दिसतंय!" मग धावत येऊन तेलकट बोटानं तिनं माझ्यावर आपलं नाव लिहिलं. वेडंवाकडं, पण केवढं मोठं!

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. लालासाहेब खाकरले आणि भलतीकडेच बघत म्हणाले, "ह्यो फळा आपल्या शाळंत पायजे. माज्या पेन्शनीतनं घेतो मी."

अमृतनं मला लख्ख पुसलं आणि अंगभर नवं प्लास्टिक चिकटवलं. "हे वाटेपुरतं आहे हं. शाळेत पोचला की काढून टाका," असं तो बजावून म्हणाला. टेम्पोत कराडपर्यंत मी आनंदानं नुसता थरथरत होतो. अर्थात रस्ताही तसाच होता म्हणा.

वाडीत हलगी वाजली. नारळ फुटला, हळदीकुंकू लागलं, हार पडला. बाई प्लास्टिकचं टोक धरून ओढणार, तोच लालासाहेब गरजले, "थांबा बाई! ऱ्हाऊ द्या. वरखडा उठंल."

लालासाहेबांना फौजेतली एक सवय होती. तपासणीला मांडायचं सामान वेगळं आणि रोज वापरायचं वेगळं. मांडायच्या सामानाला कुणी हात लावायचा नाही. त्यांनी मला मांडायच्या सामानात बसवलं. सुताराकडून माझ्यासाठी काचेच्या दारांचं कपाट करून घेतलं, त्याला कुलूप ठोकलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. झेंडावंदन असलं किंवा कुणी साहेब आले, की कपाट उघडायचं. लालासाहेब रुमालानं हात पुसून मला चालू करायचे, मी तिरंगा दाखवायचो, टाळ्या व्हायच्या आणि पुन्हा कुलूप. खंडेनवमीला झेंडूचा हार ठरलेला. सगळ्या पंचक्रोशीत माझं नाव झालं. सुरुवातीला मीही फुशारलो, कशाला खोटं बोलू?

बाई भांडल्या. "अहो सुभेदार, क्रांतीसाठी घेतला ना तुम्ही?"

"आवं, तिच्यासाठीच हाय की! म्हणून तर जपतोय. धा पोरांचं हात लागून मोडलाबिडला, तर तिला काय ऱ्हाईल?"

बाई खडू उचलून जुन्या फळ्याकडे वळल्या.

एकदा कपाट पुसायला उघडं ठेवलं होतं. क्रांती हळूच आली आणि तिनं प्लास्टिकवर बोट टेकलं. मी तिला लगेच ओळखलं. "ए! हात काढ आधी!" आजोबांचा आवाज कडाडला. तिनं हात मागं घेतला तो घेतलाच. ती रोज पहिल्या बाकावर बसायची आणि शेजारच्या खडूच्या फळ्याकडे डोळे बारीक करकरून बघायची. आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर! तोंड असतं तर बोंब मारली असती मी.

पुढं त्रिशलाबाईंची म्हसवडकडे बदली झाली. क्रांती उंब्रजच्या हायस्कुलात गेली. तिथले धडे मोठाले, नुसत्या पाठांतरावर निभेना. पोरीचं डोकं चालत नाही, असं लोक म्हणायला लागले आणि नववीत तिनं शाळा सोडली. डोकं चालत नाही म्हणे! अरे, कुणाचं चालत नव्हतं ते मला विचारा.

आणि मग तीन-चार वर्षांनी एका सकाळी लालासाहेब क्रांतीचा हात धरून शाळेत आले. आता ते चांगलेच थकले होते, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता आणि झेंडावंदनालाही कपाट उघडणं केव्हाच बंद पडलं होतं. नव्या मुख्याध्यापकांना, वीरधवल सरांना, ते म्हणाले, "सर, पेपर दिसंना म्हणून काल पोरीला म्हटलं, वाचून दाव. तर म्हणली, आबा, मला कुठं वाचाय येतंय? मला दिसलं तरी कवा?" ते कपाटाकडे वळले. "ह्ये कपाट उघडा. काढा ते प्लास्टिक."

करगोट्याची किल्ली सोडून त्यांनी सरांच्या हातात दिली. प्लास्टिक गोंद धरून बसलं होतं, ते चिंध्याचिंध्यांनी निघालं. सरांनी बटण दाबलं. मित्रांनो, मी सगळा जीव एकवटला. पण उजेड म्हणून पडला नाही.

दुपारी कराडचा कारागीर आला. माझी पाठ उघडून त्यानं मान हलवली. "कपाटात ओल धरून आतलं सगळं गेलंय. रोज चालवला असता तर टिकला असता, आबा. आता ह्याचं सामान पण मिळत नाही."

लालासाहेब पोरांच्या बाकावर बसले. "हात लाव, पोरी," ते म्हणाले. "लाव गं. आता कोण न्हाई रागवत."

क्रांती पुढं आली. माझ्या उघड्या काचेवर तिनं अख्खा तळहात टेकला, अगदी जवळून मला न्याहाळलं आणि हसून म्हणाली, "आबा, अजून नवाच दिसतोय की ह्यो!"

तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. लालासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तोंड फिरवून ते रडले.

परवा शाळेला कुणीतरी टॅबलेट दिले. सर ते कपाटात ठेवायला निघाले, तर लालासाहेब काठी आडवी धरून दारात उभे राहिले. "कपाटात न्हाई. पोरांच्या हातात द्या. फुटलं तर फुटू द्या!" क्रांती कधीमधी येते, मागच्या बाकावर बसून टॅबलेटवर अक्षरं मोठी करते, एकेक लावत वाचते. तिच्याबरोबरीची मुलं केव्हाच कॉलेजात गेली.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत कुणी माझ्यासारखं नवंकोरं कोंडून पडलं असेल. ज्याच्यासाठी ते आणलं, त्याच्या हातात आजच द्या. हात कळकट असले तरी चालतील. आम्हाला झिजायचं असतं हो.

माझ्या काचेवर क्रांतीच्या तळहाताचा ठसा उमटलाय. सर फडकं घेऊन आले, की लालासाहेब म्हणतात, "तेवढा ऱ्हाऊ द्या, सर."