माझ्या पोटातली राख

मी एक जुनी शेगडी आहे, मित्रांनो. जन्माने तेलाचं पिंप, आता अर्धंच. राग मात्र अख्खा आहे.

सन तीसच्या सुमारास मी आगबोटीतून उतरून सोलापूरच्या एका गिरणीत आले. यंत्रांनी तेल पिऊन घेतलं आणि मी भंगारात पडले. तिथून भिमाने मला उचललं. गिरणीतलं त्याचं काम नुकतंच सुटलं होतं. भवानी पेठेतल्या खोलीपुढे त्याने मला छिन्नीने उभं चिरलं, पाय ठोकले, बुडाशी भोकं पाडली, वर सळ्यांची जाळी टाकली. दुसरं अर्धं पाणी साठवायला गेलं. ते सुखात आहे. माझ्या अंगातलं तेल बाभळीच्या जाळाने काढलं. त्या धुराने सगळी गल्ली खोकली, आणि माझी ओळख झाली.

भिमाची बायको मायाक्का माझ्यावर ढीगभर वांगी भाजायची. भरीत आणि कडक भाकरी गिरणीच्या दारात विकायची.

"संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत जम बसला तर हितंच ऱ्हायचं," भिमा म्हणाला. "न्हाय तर परत गावाकडं, मेंढरांमागं."

"मला न्हाय जायचं. तुमची मेंढरं लई शिंकत्यात."

माझी कीर्ती पसरली आणि घात झाला. कोणाकडे बारसं, कोणाकडे डोहाळजेवण. मला उचलून न्यायचे. मास्तरांच्या गोदावरीबाई तर हक्काने न्यायच्या. काम झालं की तांब्याभर पाणी ओतून निखारे विझवायचे, उरलेले कोळसे वेचून घ्यायचे आणि ओल्या राखेसकट मला परत पाठवायचं.

"राख तरी काढायची की, बाई," मायाक्का एकदा म्हणाली.

"भांडं रिकामं परत देऊ नये, मायाक्का. राहू दे, भांडी घासायला होईल तुला."

सगळी पेठ अशी संस्कारी! मला एकाही घराने रिकामी परत दिली नाही. मायाक्का खरवडायची, भिमा तेल चोपडायचा. तोवर पुढचं बारसं यायचं. मित्रांनो, ओली राख लोखंड खाते. आवाज न करता, पंगतीतल्या सभ्य माणसासारखी.

गड्डा आला. भरीत कालवायला गोदावरीबाईंनी आपलं पितळी पातेलं दिलं आणि बजावलं, "घासून, पुसून, कोरडं करून आण हो!"

पहिल्याच संध्याकाळी निखारे फुलले, वांगी तडतडली, गिऱ्हाईक जमलं. आणि माझं बूड गेलं. निखारे मातीत, वांगी निखाऱ्यांत. समोर आमचीच पेठ जेवायला आलेली.

"जुनीच होती ती," गोदावरीबाई म्हणाल्या.

जुनी! मी दोन दिवाळ्यासुद्धा पाहिल्या नव्हत्या!

भिमा मातीत बसून राहिला. मायाक्काने पदराने डोळे पुसले. "चला," ती म्हणाली, "शिंका ऐकायला."

सकाळी तिने पातेलं परत नेऊन दिलं. गोदावरीबाईंनी झाकण काढलं. आत काठोकाठ माझी राख, चांगली भिजवलेली.

"अगं, हे काय!"

"रिकामं कसं द्यावं, बाई? आमी बी शिकलो की तुमच्याकडनं."

ती दोघं गेली. बिऱ्हाड लादलेल्या घोड्यावर मी मावले नाही. गल्लीच्या टोकाला पालथी पडले आहे. परवा एक गृहस्थ मला उलटीसुलटी करून म्हणाले, "बूड नाही. पण एका दिवसापुरती न्यायला काय हरकत आहे?"

मित्रांनो, उसनी वस्तू रिकामी परत द्या. पुसून, कोरडी करून द्या. वर काही द्यायची हौस असेल, तर ते माणसाच्या हातात द्या.