एका लॅपटॉपचे दोन राखणदार

आमच्या आयझिरेकचा लॅपटॉप तापला की मला घरात बसवत नाही. त्याचा पंखा अशी घरघर लावतो, जसं कुणी खोलीतच दळण घातलंय. मग पडदा काळा होतो आणि माझी सून त्या काळ्या काचेकडे बघत बसते. पलीकडे रशियातली, कोरियातली आपली किरगिझ पोरं तिची वाट बघत असतात. त्यांचे आईबाप कामावर जातात आणि ही इथून, नारिनमधून, त्यांना आपली भाषा शिकवते.

बिश्केकच्या शाळेनं तिला निर्वाणीचं सांगितलं होतं: आणखी एकदा तास मध्येच तुटला तर मुलं दुसऱ्या बाईंकडे देऊ. आज चारच्या तासाला मुख्याध्यापिका स्वतः बसणार होत्या. सुनेची नोकरी गेली तर माझा धाकटा, तलांत, रशियात येकातेरिनबुर्गला जाणार होता, थोरल्या भावाशेजारी विटा रचायला. त्याची बॅग भरून दाराशी ठेवलेली. थोरला कुबातही असाच एका हिवाळ्यापुरता म्हणून गेला होता. त्याची पोरं आता मला फोनवरच ओळखतात. दुसराही मुलगा तिकडे धाडायची माझी अजिबात तयारी नव्हती. येता-जाता मी त्या मेल्या बॅगेला लाथ घालत होते.

उपाय काय कमी केले? आधी मीच त्या मशीनखाली नवी जाड गोधडी घातली होती. घराला पोसतंय, मग त्याला मान नको? तलांत ओरडला, "आपा," आमच्यात आईला आणि आईच्या वयाच्या बाईला आपाच म्हणतात, "त्याचा श्वास कोंडतोय. हवा खालूनच आत जाते." मग गोधडी गेली आणि चहाचे दोन पेले पालथे घालून त्यांच्यावर मशीन बसवलं. फटींतली धूळ उडवून झाली. भर थंडीत खिडकी उघडी ठेवून झाली. मशीन काही निवलं नाही, मला मात्र खोकला लागला.

शेवटी आज सकाळी मी सुनेला घेऊन बाजारात रहातच्या दुकानात गेले. रहात मूळचा काराकोलचा, मशीनं दुरुस्त करतो आणि जिभेला हाड नाही. मी लॅपटॉप शालीत गुंडाळून नेला होता.

"आपा, शाल काढा," तो म्हणाला. "ताप आलाय त्याला, बाळंतपण नाही."

"तुझं तोंड दुरुस्त करणारा कुणी आहे का बाजारात?" मी म्हटलं.

तो हसला आणि त्यानं मशीन सुरू केलं. पंख्यानं लगेच गळा काढला. आत कोण किती राबतंय याची यादी उघडून त्यानं वरच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. "हे बघा. सगळी ताकद हे दोघंच खातायत. दोघंही राखणदार, बाहेरून चोर शिरू नये म्हणून बसवलेले. कुणी बसवले?"

"एक तलांतच्या दोस्तानं," आयझिरेक हळूच म्हणाली. "आणि एक थोरल्या दादांनी, तिकडून."

कुबातच्या ओळखीत कुणालातरी भामट्यांनी फोनवर गंडवलं होतं. तेव्हापासून त्याला आमची काळजी.

"एका दाराला दोन कुत्री बांधलीत तुम्ही," रहात म्हणाला. "मशीननं एक कागद उघडला की हा हुंगतो. हा हुंगतोय म्हणून तो याला हुंगतो. मग हा परत त्याला. चोर नाही, काही नाही. यांच्या भांडणात मशीनचा जीव चाललाय."

"मग एकाला हाकल."

"आमचा काढा," आयझिरेक घाईनं म्हणाली. "थोरल्यांनी बसवलेला कसा काढायचा?"

"वहिनी, थोरल्यांच्या राखणदाराची मुदत कधीच संपलीय. नवे चोर त्याला ओळखूच येत नाहीत, नुसता घरभर हिंडतो. तुमचा धडधाकट आहे. थोरल्यांचाच काढायला हवा."

त्यानं कळ दाबली. मशीननं पासवर्ड विचारला. रहातनं सुनेकडे पाहिलं, सुनेनं टेबलाकडे.

"कुबातला फोन लाव," मी म्हटलं.

"नको, एने." सासूला आम्ही एने म्हणतो. "मला माहीत आहे. दादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग सांग की गं! तोंडात काय गुळणी धरलीयस?"

तिचे कान लाल झाले. "बाबांचं नाव आहे, एने."

बाबा म्हणजे तिचे सासरे. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. रहात हसायला लागला आणि मध्येच थांबला, त्याच्या घरीही बायको आहे. त्यानं मशीन तिच्याकडे वळवलं. "तोंडानं नको, बोटांनी लिहा. मी तिकडे बघतो."

तिनं बोटं ठेवली आणि पुन्हा उचलली. डोळ्यांत पाणी. "सगळा हिवाळा हा राखणदार पासवर्ड मागतोय आणि मी हेच करतेय, एने. घरात कुणी नसतानासुद्धा. निम्म्यावर हात थांबतो."

माझं डोकं भडकलं. नोकरी चालली, नवरा चालला आणि ही नावाला अडून बसलीय! चांगली खरडपट्टी काढणार होते. पण कोणत्या तोंडानं? मी तरी कधी त्यांचं नाव घेतलंय? हे ट्रक चालवायचे. खिंडीत बर्फ पडून उशीर झाला की मी रस्त्यावर उभी राहून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारायची, "कुबातचे बाबा दिसले का?" नव्या ड्रायव्हरांना कुबात कोण हेच ठाऊक नसायचं. ते मान हलवून निघून जायचे. मी गारठून जायची, पण नाव काही घ्यायची नाही. आता हे गेल्यावर दर शुक्रवारी त्यांच्यासाठी बोरसोक, कणकेचे छोटे गोळे, तळते. तेलाचा वास गेलेल्यांपर्यंत जातो म्हणतात. तेव्हा देवालाही म्हणते, "कुबातच्या बाबांना पोचू दे."

"आपा," रहात म्हणाला, "तासाला उशीर होईल."

मी शालीचं टोक घट्ट धरलं.

"ताश्तानबेक," मी म्हटलं.

रहातनं ते नाव लिहिलं. मशीननं ऐकलं. ते बंद होऊन पुन्हा सुरू झालं, यादीतला तो मोठा आकडा घसरत घसरत खाली आला आणि पंख्याची घरघर थांबली. बाहेरच्या चहावालीची आरोळी ऐकू आली तेव्हा मला कळलं, मी रडतेय. त्यांना पुरल्यापासून आमच्या घरात हे नाव कुणी घेतलंच नव्हतं. पोरं बाबा म्हणतात, नातवंडं आजोबा. आणि आम्ही दोघी, ज्यांनी त्यांचं शेवटपर्यंत सगळं केलं, आम्ही गप्प. मला त्या क्षणी त्यांची इतकी आठवण आली की मी रहातच्या स्टुलावर बसूनच राहिले.

चार वाजता लॅपटॉप पालथ्या पेल्यांवर बसला. दाराआड मी आणि तलांत श्वास रोखून उभे. मुख्याध्यापिकांचा आवाज आला, मुलांचा आला, एक पोरगं आपल्या बकरीची लांबच लांब गोष्ट सांगत राहिलं. पंखा हूं की चूं करेना. तास पुरा झाला आणि मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आयझिरेक, पुढच्या महिन्यात आणखी एक वर्ग घ्याल का?"

मी तिथेच वाकून बॅगेची चेन उघडली आणि तलांतचा कोट खुंटीला लावला. बाकीचे कपडे त्यानं स्वतःच काढले.

संध्याकाळी मी बोरसोक तळत होते. आयझिरेक शेजारी चहा ओतत होती.

"एने, परत एकदा म्हणा ना."

"काय?"

"बाबांचं नाव. माझ्या तोंडून नाही निघत. पण तुम्ही घेतलंत ना, तेव्हा फार बरं वाटलं."

कढईकडे बघत मी नाव घेतलं. तिचा ओतता हात थांबला. मग मी पुन्हा घेतलं, या वेळी जरा मोठ्यानं.