बोलकी रीड

१९६४ सालची गोष्ट आहे. त्या दिवशी सकाळी ताईनं रोजच्यासारखी वाटीतल्या पाण्यातून क्लॅरिनेटची रीड उचलली, मऊ फडक्यानं टिपली आणि खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. रीड म्हणजे वेळूची कापून घासून केलेली छोटी पट्टी. टोकाशी इतकी पातळ, की पलीकडचं बोट दिसावं. फुंक मारली की तीच थरथरते आणि क्लॅरिनेट बोलतं.

हे धुणं-पुसणं भावाला कधी जमलं नाही. वाजवून झालं की वाद्य पेटीत आणि रीड असेल तिथं, अशी त्याची रीत. आई-वडील गेले तेव्हा तो शाळेत पहिल्या बाकावर बसायच्या वयाचा होता आणि ताई नुकती शिंप्याच्या दुकानात काज करायला लागली होती. त्याच्या दप्तराबरोबर हेही काम तिच्याकडे आलं आणि राहिलं. शेजारचे त्याला पिपाणी म्हणत, कारण लहानपणी अख्ख्या मजल्याची दुपारची झोप त्यानं मोडली होती. पुढं तो हॉटेलच्या वाद्यवृंदात काळा कोट घालून वाजवायला लागला, तरी नाव तेच राहिलं.

रीडचा मामला मोठा लहरी असतो. खोकंभर रीड्समध्ये एखादीच चांगली निघते. तीही आल्या आल्या वाजत नाही, रोज थोडी थोडी वाजवून तिला वळण लावावं लागतं. अशी एक या वेळी निघाली होती. पडद्याआड काज करत बसलेल्या ताईला ती भावाच्या आधी कळली. "ही बोलकी आहे," ती आतूनच म्हणाली होती. तेव्हापासून त्यानं ती बाजूला ठेवली, काचेच्या तुकड्यावर रबरानं बांधून, म्हणजे वाकू नये. बोट कंपनीच्या चाचणीसाठी.

चाचणी आज दुपारी होती. बोटीवरच्या वाद्यवृंदाला क्लॅरिनेटवाला हवा होता. करार तीन वर्षांचा. हॉटेलातला ड्रमवाला आधीच निवडला गेला होता आणि तोच भावाच्या मागे लागला होता. ताईला ड्रमवाला आवडत नसे. तो जिन्यातून येतानासुद्धा कठड्यावर बोटं वाजवत यायचा आणि आला की समुद्राच्याच गोष्टी सांगायचा, अजून एकदाही गेलेला नसताना.

भाऊ आरशासमोर दाढी करत होता. गालाला साबण लावलेला, तसाच तो शीळ घालत होता.

"ताई, मी गेल्यावर तुला ह्या खोलीत केवढी शांतता मिळेल बघ."

"मिळेल की."

"दुपारची झोपत जा. मजल्यावरचे सगळे झोपतील. घोरण्याची पेढी उघडल्यासारखे घोरतील."

ती हसली. ती बोलकी रीड तिच्या अंगठ्याखाली होती. वर्षानुवर्षं काजाची कड नखानं दाबून दाबून तिचं ते नख जाड आणि धारेचं झालं होतं. ते तिनं रीडच्या टोकावर टेकवलं आणि दाबलं. आवाज झालाच नाही. केसाएवढी चीर गेली, तीही उजेडात धरली तरच दिसावी अशी.

आपण काय केलं ते तिला हात खाली आल्यावर समजलं. भाऊ तोंड धूत होता. तिनं रीड काचेवर ठेवली, रबर चढवलं आणि काच पेटीत ठेवून पेटी मिटली. नंतर त्याच्या कोटाच्या खांद्यावरचा धागा काढला. तो जिना उतरून गेला तेव्हा ती वरून हात हलवत होती.

दुकानात गेल्यावर तिच्या हातून पहिलंच काज वाकडं गेलं. ते तिनं उसवलं, पुन्हा घातलं, पुन्हा वाकडं. मनाशी ती हिशेब मांडत होती. बोटीवर गेलेली माणसं परत येतात थोडीच. एक करार संपला की दुसरा. तिकडंच कुठल्या तरी बंदरात घर करतात. त्यापेक्षा हॉटेल काय वाईट होतं? पगार वेळेवर, रात्रीचं जेवण, घर दहा पावलांवर. त्याच्याच भल्याचं आहे, असं ती स्वतःला सांगत होती आणि सुई बोटात घुसत होती.

दुपारी नकाशेवाला आला. तो जमीन-मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचा, आणि शर्टाचं बटण लावून घ्यायला महिन्यातून एकदा तरी दुकानात यायचा. ही बटणं तो स्वतःच तोडून आणतो, असं दुकानाचे मास्तर सगळ्यांना सांगत. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यानं ताईला लग्नाचं विचारलं होतं. धाकट्याचं मार्गी लागू दे, मग बघू, असं ती म्हणाली होती. त्यानंतर त्यानं विषय काढला नाही, आणि दुसरीकडे कुठं लग्नही केलं नाही.

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आज साहेबांची सगळी बटणं जागेवर दिसतात. तब्येत बरी आहे ना?"

नकाशेवाला हसला नाही. दोन मिनिटं बाहेर येता का, असं त्यानं ताईला विचारलं. ती बोटातलं अंगुस्तान तसंच ठेवून दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

तो बराच वेळ रस्त्याकडे बघत बोलला. गेल्या आठवड्यात तिच्या भावानं त्याला कचेरीबाहेर गाठलं होतं. मी बोटीवर गेलो की ताईकडे या आणि तेव्हाचं पुन्हा विचारा, म्हणाला होता. ती नाही म्हणाली होती, असं यानं सांगितल्यावर तो हसला होता.

"म्हणाला, नाही कुठं म्हणाली? नंतर बघू म्हणाली होती. मी त्या घरात आहे तोवर तिचं ते नंतर काही उजाडायचं नाही. म्हणून मीच निघतो."

ताई बोटातलं अंगुस्तान फिरवत राहिली.

"मी त्याला म्हटलं, अरे, पण तुला स्वतःला जायचंय का? तर म्हणाला, पाणी बघितलं तरी माझ्या पोटात ढवळतं. पण तीन वर्षं काय, डोळे मिटून निघतील." नकाशेवाल्यानं टोपी काढली आणि हातात फिरवली. "हे मी त्याच्यामागं सांगणार नव्हतो. पण त्याला असं समुद्रावर पाठवून तुमच्या दारात यायचं, हे मला पटेना. तुम्ही नको म्हणालात तर तो थांबेल. आणि मी आहे तसा बरा आहे."

किती वाजले, एवढंच तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. चाचणी सुरू व्हायला अजून थोडा वेळ होता. मास्तरांना न सांगता ती तशीच निघाली.

बंदराच्या बाजूचा रस्ता चढाचा होता. वाटेत वाद्यांचं दुकान लागलं. काचेमागं नव्या रीड्सची खोकी रचलेली होती. ती थांबली आणि पुन्हा चालू लागली. कोरी रीड म्हणजे नवा जोडा, पहिल्या दिवशी चावणारच. त्याच्या काचेवर दुसरी एक रीड होती, पण ती जुनी, दमलेली. तिच्यावर वरचे स्वर चिरके निघतात हे ताईला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. मग आपण कशाला चाललो आहोत? त्याला काय सांगणार? चालता चालता तिनं वाक्यं जुळवून पाहिली. एकही पुरं होईना. मी मुद्दाम केलं, हे शब्द कुठंही बसवले तरी वाक्य तिथंच थांबत होतं.

बोट कंपनीच्या कचेरीत लांब बाकं होती आणि दाराशी एक कारकून. आतून ट्रम्पेटचा आवाज येत होता. बाकावर भाऊ नव्हता.

क्लॅरिनेटवाले आत गेले का, तिनं विचारलं.

"क्लॅरिनेटचं आज वेळेआधीच घेतलं, मघाशी उरकलं, बाई. तिघं यायचे होते. दोघांनी वाजवलं, त्यातला एक घेतला."

"तिसरा?"

"काळ्या कोटातला ना? आला होता की. सगळ्यांच्या आधी येऊन बसला. पेटी उघडली, तुमचं ते पातं असतं ते त्या खिडकीशी नेऊन बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग परत ठेवलं, पेटी मिटली. मला वाटलं, घाबरलाय. पाणी दिलं. पाणी प्यायला, मला थँक्यू म्हणाला आणि गेला."

"वाजवलं नाही?"

"आतसुद्धा गेला नाही."

ती बाकावर बसली. कारकुनानं तिलाही पाणी दिलं.

ती खोलीत परतली तेव्हा भाऊ चहा करत होता. कोट खुंटीला होता, बाह्या दुमडलेल्या. पेटी पलंगाखाली गेली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. साखर शोधत होता, आणि डबा त्याच्या समोरच होता.

"नाही घेतलं," तो म्हणाला. "एक जण होता, फार तयारीचा. त्याच्यापुढं माझी काय पिपाणी. मीसुद्धा त्यालाच घेतला असता."

"वाजवलंस कसं?"

"बरं वाजलं. बरंच वाजलं म्हणायचं." त्यानं साखरेचा डबा उघडला. "जाऊ दे ग. तूही काही फार खूश नव्हतीस."

तेवढंच तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग शोधला तरी सापडत नव्हता. उलट लहान मुलाची समजूत घालताना असतो तसा तो आवाज होता. तिला उमगलं, की चीर पाहून त्यानं ती कुणाची ते ओळखलं होतं आणि चिठ्ठीसारखी वाचली होती. जाऊ नको, एवढंच त्यात वाचलं होतं. म्हणून तो घरी आला होता.

आता बोलायला हवं होतं. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. अंगुस्तान अजून बोटात होतं, ते तिनं काढलं, पुन्हा घातलं.

"नकाशेवाले आले होते दुकानात," ती म्हणाली. "मी त्यांना हो म्हणणार आहे."

त्याच्या हातातला चमचा थांबला. मग त्यानं चहा ढवळला, गाळला, आणि पहिला कप तिच्यापुढं ठेवला.

"मग तर फारच बरं झालं," तो म्हणाला. "लग्नात वाजवायला मी आहेच."

त्याच वर्षी तिचं लग्न झालं. नकाशेवाला अबोल आणि भला माणूस होता. त्याच्याबरोबरची तिची वर्षं सुखाची गेली, इतकी की कधी कधी जेवताना तिचा घास मध्येच थांबे आणि काय झालं ते तो विचारत नसे. निवृत्तीनंतर दोन उन्हाळे पाहून तो गेला. मास्तरांचं दुकान त्याच्या आधीच बंद झालं. त्यांच्या मुलानं तिथं तयार कपडे विकायला ठेवले.

भाऊ त्या जुन्या खोलीतच राहिला. हॉटेलनं वाद्यवृंद काढून टाकून रेकॉर्ड लावायला सुरुवात केली, तेव्हा तो एका शाळेत संगीत शिकवायला लागला. लग्नाचं विचारलं की म्हणे, ही वाद्यं आधीच ओरडतात, त्यात आणखी कोण? रविवारी बहिणीकडे येई, मेहुण्याशी बुद्धिबळ खेळे, हरे. रीडबद्दल तो कधी बोलला नाही. तीही बोलली नाही. मात्र एक गोष्ट तिनं जपून ठेवली होती, आणि झोप लागत नसली की ती काढून बघायची: त्याला पाणी आवडत नव्हतं. त्याच्या पोटात ढवळायचं. नकाशेवाल्याला त्यानं तसं स्वतः सांगितलं होतं. म्हणजे आपण त्याचं जे मोडलं ते त्याचं स्वतःचं नव्हतं, आपल्यासाठीच काढलेलं होतं. एवढ्या आधारावर तिनं आयुष्य रेटलं.

भाऊ गेला त्या हिवाळ्यात ड्रमवाला तिला भेटायला आला. कानाला यंत्र, हातात काठी. जिन्यात त्याची बोटं वाजली नाहीत, म्हणून दार उघडल्यावर तिनं त्याला ओळखलं नाही. बोटीवर त्यानं बरीच वर्षं काढली होती आणि आता मुलीकडे राहत होता. ती चहा घेऊन बसली. ऐकू कमी येत असल्यानं तो एकटाच बोलत होता.

"त्याच्यासारखा वेडा मी बघितला नाही. बोट हलते तेव्हा फुंक कशी धरायची, हे मला विचारायचा. मला! मी ड्रमवाला. मग आम्ही दोघं सुट्टीच्या दिवशी पलीकडच्या बेटाला जाणाऱ्या होडीत बसायचो, आणि हा मागच्या फळीवर उभा राहून वाजवायचा. लोक पैसे टाकायचे."

"त्याला मळमळायचं ना?" ती मोठ्यानं म्हणाली.

"कुणाला? त्याला? मला व्हायचं ते. हा माझी थट्टा करायचा." ड्रमवाला हसला. मग जरा पुढं झुकला. "ती तुमच्या लग्नाची युक्ती त्यानं मागाहून काढली, बरं का. नुसतं मला जायचंय म्हणायची त्याला लाज वाटायची. म्हणायचा, ताईनं माझ्यासाठी एवढं केलं, आणि मी मला आवडतं म्हणून तिला टाकून जाऊ? काही तरी कारण पाहिजे. मग एक दिवस नाचतच आला. सापडलं म्हणाला."

ताईनं किटली उचलली.

"त्या दिवशी तो आत का गेला नाही, हे काही मला कळलं नाही," ड्रमवाला म्हणाला. "बंदरावरून मी पत्र टाकून विचारलं होतं. उत्तरात हवापाण्याचं लिहिलं. तुमच्याशी तरी बोलला का कधी?"

"नाही," ती म्हणाली. "कधीच नाही बोलला."

ती त्याच्या कपात चहा ओतत होती. कप भरला, बशी भरली, टेबलावर ओघळ आला, तेव्हा ड्रमवाल्यानं काठी बाजूला ठेवली आणि किटलीसकट तिचा हात हलकेच धरला.