न ऐकलेला गाळ

ऑफिसात तिच्या दोन्ही मदतनिसांना टोपणनावं पडली होती. पहिली सफाईवाली. ध्वनिमुद्रणातली घरघर, खोकला, खुर्चीची करकर, मागून येणारी बडबड, "आपलं ते", "हं", सगळं वेचून बाजूला काढायची. स्टुडिओतले लोक तिच्यावर खूश होते. दुसरा निरोप्या. फोनवर कुणी बोलून पाठवलेला निरोप तो दोन ओळींत लिहून द्यायचा आणि वर उत्तरही सुचवायचा. दोघंही माणसं नव्हेत, संगणकातले प्रोग्रामच, पण त्यांना घडवलं होतं तिनं, लेकरांसारखं. गोंगाटात निरोप्याचा गोंधळ उडायला लागला, तेव्हा त्याच्या आधी सफाईवालीला बसवायची कल्पनाही तिचीच. त्या दिवशी ऑफिसात तिचं केवढं कौतुक झालं होतं.

आवाजाचं वेड बाबांकडून आलेलं. बाबांची सगळी हयात ध्वनिमुद्रणात गेली. सफाईवाली घडत होती तेव्हा ते तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचे, कानांना हेडफोन आणि कपाळाला आठ्या.

"बाई कामसू आहे गं तुझी, पण आगाऊ आहे. काढलेलं कुठंय?"

"काढलेलं कशाला हवंय, बाबा?"

"गाळ आधी ऐकायचा, मग फेकायचा. घाईत चांगलंही जातं त्याच्याबरोबर."

म्हणून तिनं एक बटण केलं: गाळ ऐका. स्टुडिओवाल्यांना ते इतकं आवडलं, की बाबा महिनाभर कॉलर ताठ करून फिरत होते. निरोप्यात मात्र तिनं ते बटण ठेवलं नाही. फोनमधली जागा खातं, शिवाय घरच्या निरोपांचा गाळ ऐकत कोण बसणार? बैठकीत ती असं म्हणाली आणि सगळे हसले. मूळ आवाज तीस दिवसांनी आपोआप पुसला जावा, हा नियमही तिनंच लिहिला.

मग बाळ झालं आणि दिवस कसे जातात तेच कळेना. बाबांचे निरोप रोज यायचे. ती ते ऐकत नसे, वाचायची. बाळ एका खांद्यावर, फोन दुसऱ्या हातात. "बाळाची सर्दी कशी आहे? काळजी घे." खाली निरोप्यानं सुचवलेलं तयारच असायचं: "बरी आहे बाबा, तुम्हीपण काळजी घ्या." एक अंगठा टेकवला की झालं. लेक लगेच उत्तर देते, असं बाबा शेजारच्यांना कौतुकानं सांगायचे म्हणे.

त्या मंगळवारी दुपारी बाळ नुकतं झोपलं होतं. ऑफिसात यंत्रणेची दुरुस्ती निघाल्यामुळे सफाईवाली आणि निरोप्या दोघंही बंद होती, आणि बाबांचा निरोप जसाच्या तसा, त्यांच्या आवाजात आला. कितीतरी दिवसांनी तिनं तो कानाला लावला.

बाबा बाळाच्या दातांबद्दल विचारत होते. मागून आईचा आवाज आला. आई फोन कधी हातात धरत नसे. बाबा बोलत असले, की आतूनच भर घालायची.

"अहो, तिला कानाचं सांगा."

"हं?"

"कानाचं. उजव्या कानाचं."

"हं, हं. सांगतो." आणि बाबा पुन्हा दातांवर आले.

तिनं मागचे निरोप उघडले. तीस दिवसांतले जेवढे शिल्लक होते तेवढे, एकेक करून, मूळ आवाजात. जवळजवळ प्रत्येकात आई होती. "डॉक्टरकडे चला म्हणावं मी, तर ऐकत नाहीत." "अगं, तूच बोल त्यांना, तुझं ऐकतील." एकात नुसतीच, दमल्यासारखी: "ऐकते ना हो ती?" आणि प्रत्येकात बाबांचं ते प्रश्नार्थक हं. लिहून आलेल्या ओळींत यातलं अक्षरही नव्हतं. बाबांचं हं म्हणजे भरतीचा शब्द, आई म्हणजे मागचा गोंगाट. सफाईवालीनं सांगितलं तेवढं चोख केलं होतं.

तीस दिवसांपलीकडे काही नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी बाळाला घेऊन ती माहेरी गेली आणि तिथूनच बाबांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तपासलं, कानाच्या चाचणीचा कागद पुन्हा पाहिला. "कधीपासून ऐकू येत नाही?"

"अडीच महिने झाले," आई म्हणाली. "एके सकाळी उठले तेच असे."

"असं अचानक झालं तर लगेच यायचं असतं. पहिल्या पंधरवड्यात आला असता, तर काहीतरी करता आलं असतं. आता उजव्या कानाची आशा धरू नका."

"डावा आहे ना," बाबा म्हणाले. "एकानं ऐकलं काय नि दोघांनी काय, शिव्या तेवढ्याच येतात."

बाई हसल्या. आई हसली नाही. तिनं लेकीकडे पाहिलं, रागानं नव्हे. आपण रोज सांगत होतो आणि ही का येत नव्हती, एवढंच तिला कळत नव्हतं.

घरी आल्यावर लेकीनं सफाईवालीचं सगळं सांगितलं. आईला ते नीट उमगलं नाही. "म्हणजे माझा आवाज तुझ्यापर्यंत पोचतच नव्हता?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बाळाला घेऊन आत गेली.

बाबांना मात्र पहिल्याच वाक्यात समजलं. त्यांनी हेडफोन मागितला, डाव्या कानाला लावला. निरोप आधी मूळ ऐकला, मग साफ केलेला. आई बोलते त्या जागी त्यांनी तीनदा मागं जाऊन पाहिलं. कुठं खाच नाही, कुठं धक्का नाही.

"काम स्वच्छ आहे गं," ते म्हणाले. "कुठं कापलंय ते मलासुद्धा सापडत नाही." त्यात टोमणा नव्हता. हाताखालच्या माणसानं उत्तम काम केलं, की ते याच आवाजात दाद देत असत.

ती त्यांच्या उजव्या बाजूला बसली होती. तिनं हळूच म्हटलं, "चुकलं माझं, बाबा."

बाबा पडद्यावरची आवाजाची रेघ बघत राहिले. नुसतं उठून डाव्या बाजूला जाऊन बसलं आणि तेच एक वाक्य पुन्हा म्हटलं, की झालं असतं. आतून आईनं बाळ रडतंय म्हणून हाक मारली, आणि ती उठून आत गेली.